एकोणतीस सांगू

सकाळी आमच्या फाटकाशी एक माणूस उभा होता. एप्रिल महिना, भुसावळचं ऊन तेव्हाच भिंतीवर चढलेलं, आणि याने कान झाकतील असा रुमाल तोंडाला गुंडाळलेला. वर काळा चष्मा. आबा फाटकाजवळ खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला हाक मारली, "हेमे, दरोडेखोर आला."

मी चहाचा कप हातात घेऊनच बाहेर आले.

"मला गाडी शिकायची आहे," रुमालाआडून आवाज आला. "पण कुणाला कळता कामा नये."

"कुणाला म्हणजे?"

त्याने जरा विचार केला. "भुसावळला."

मला हसू आवरेना. त्याने इकडेतिकडे बघून रुमाल सोडला तेव्हा मात्र हसू थांबलं. फिरके ट्रान्सपोर्टच्या नथूशेठचा मुलगा होता तो. मुकुंद. रावेर, सावद्याची केळी दिल्लीला न्यायची म्हटली की फिरक्यांचाच ट्रक. त्या घरातल्या मुलाला गाडी येत नाही हे मला खरं वाटेना.

"तुमच्याकडे चाळीस ट्रक उभे असतात की हो!"

"म्हणूनच," तो म्हणाला.

मग फाटकातच उभं राहून त्याने सगळं सांगून टाकलं. चौदा वर्षांचा असताना वडिलांनी कौतुकाने ट्रकवर बसवलं होतं. त्याच दिवशी ट्रान्सपोर्टच्या नव्या ऑफिसचं उद्घाटन होतं. मुकुंदने ट्रक पुढे घेण्याऐवजी मागे घेतला आणि नव्या ऑफिसची भिंत पाडली. फीत कापायची राहिलीच होती, ती विटांखाली गेली. त्यानंतर तो स्टिअरिंगला शिवला नाही. एम.कॉम. झाला, वडिलांचा सगळा हिशेब बघायला लागला, पण अजून कुठल्याही ड्रायव्हरच्या समोरून गेला की मागून आवाज यायचाच, "छोटे मालक, भिंत सांभाळा!"

"माझ्याकडेच का आलात?" मी विचारलं.

"बाकीच्या शाळांतले मास्तर आमच्याकडचेच जुने ड्रायव्हर आहेत. तुम्ही बाई. तुमच्याकडे आमचं कुणी फिरकत नाही."

इतकं खरं बोलणारा माणूस गावात दुसरा नव्हता. मी त्याला उद्यापासून यायला सांगितलं.

ही शाळा मुळात आबांची. आबांना अर्धांगवायू झाला तेव्हा ती बंद पडायला आली होती. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं, आई केव्हाच गेलेली. मग मीच जुन्या फियाटच्या डाव्या सीटवर बसले. तिथे पायाशी एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक असतो, शिकणाऱ्याने घोळ घातला की मास्तराने दाबायचा. माझ्या लग्नाचं बघायचं राहून गेलं असं लोक म्हणायचे. राहून गेलं नव्हतं. येणारा प्रत्येक मुलगा आबांच्या खुर्चीकडे बघून चहा अर्धवट ठेवायचा, एवढंच.

मुकुंदने पहिल्या आठवड्यात काय केलं ते सांगते. म्हैस दिसली की तो गाडी थांबवून ती रस्ता ओलांडेपर्यंत हात जोडून बसायचा. एकदा तर म्हैस शेतात चरत होती. गिअर खरखरला की "सॉरी, सॉरी" म्हणायचा. मला वाटलं मला म्हणतोय. नाही, गाडीला म्हणायचा. रिव्हर्सचं नाव काढलं की त्याच्या कपाळावर घाम यायचा.

"मागे भिंत नाहीये मुकुंदराव. मैदान आहे."

"मैदानाच्या पलीकडे असेल."

"पलीकडे तापी आहे."

"मग तर आणखीच वाईट."

मी रागवायचे. मला रागवण्याची सवयच होती. बाई मास्तर म्हटली की पुरुष शिकताना एक तर फुशारक्या मारायचे, नाही तर "तुम्हाला काय कळतं" अशा नजरेने बघायचे. त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलून बोलून माझा तोच आवाज झाला होता. मुकुंदला त्याची भीती वाटत नसे. एकदा त्याने विचारलं, "मॅडम, राग मानणार नसाल तर तुमचं वय किती?"

"सदतीस."

"मला वाटलं पंचेचाळीस."

मी त्याच्याकडे वळून बघितलं.

"दिसण्यावरून नाही," तो घाईने म्हणाला. "ओरडण्यावरून."

आणि मी इतकी हसले की माझा पाय ब्रेकवरून सुटला आणि गाडी बाभळीत गेली. फार काही झालं नाही, आरसा तेवढा फुटला. तो सत्तावीस वर्षांचा होता, हे त्याने त्या बाभळीतून बाहेर पडताना सांगितलं.

महिना होत आला तरी त्याची गाडी दर वळणावर बंद पडत होती. इतका मठ्ठ विद्यार्थी मी पाहिला नव्हता. मग एके सकाळी तापीच्या पुलाच्या चढावर पुढची बैलगाडी अचानक थांबली. मागे एस.टी. टेकलेली. मी ब्रेककडे पाय नेला, पण दाबायची वेळच आली नाही. मुकुंदने हँडब्रेकलाही हात न लावता, नुसत्या क्लचवर, गाडी त्या चढावर अशी तोलून धरली की ती इंचभर मागे गेली नाही. बैलगाडी हलली तशी आमची गाडी दुधावरची साय उचलावी तशी पुढे निघाली.

मी ब्रेककडे नेलेला पाय मागे घेतला. मग विचारलं, "हे कधीपासून येतंय?"

"झाले पंधरा दिवस."

"मग रोज गाडी बंद कशी पडते?"

त्याने समोरची नजर हलवली नाही. कान मात्र लाल झाले. "नाही पडली तर शिकवणी संपेल ना, मॅडम."

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींना पटकन उत्तर दिलं आहे. तेव्हा मात्र मला एवढंच सुचलं, "इंडिकेटर द्या."

दुसऱ्या दिवशी मी मोरपंखी साडी नेसले. आबांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. आजारानंतर त्यांचे शब्द जड झाले होते, पण डोळे चांगले होते. "कुणाचं लग्न?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं नाही. बाकीच्या धुवायला टाकल्यात."

"पोरगा क्लच बरा दाबतो आता," आबा म्हणाले आणि पेपर उघडून तोंडासमोर धरला. तो उलटा होता.

पुढचा महिनाभर मी काय केलं हे मला नीट सांगता येणार नाही. त्याला सगळं येत होतं आणि तरी आम्ही रोज शिकवणीला निघत होतो. पूल ओलांडून यावलच्या बाजूला जायचो. तो रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मोठ्याने वाचायचा, अगदी कीटकनाशकांच्यासुद्धा. काकडी विकणाऱ्या म्हातारीकडे थांबून तिखटमीठ लावून काकड्या खायचो. मी त्याला सांगितलं, "मी कॉलेज सोडलं तेव्हा तू चड्डीत शाळेत जात होतास." तो म्हणाला, "जात कुठे होतो, रडत होतो." मी त्याला कधी अरे-तुरे करायला लागले ते कळलं नाही. तो मात्र अहो-जाहोच करत राहिला. एकदा मी म्हटलं, "हेमा म्हण." त्याने घाबरून ब्रेक दाबला.

एक दिवस त्याने विचारलं, "तुम्हाला कधी कुणी गाडीतून फिरवलंय?"

"मी रोजच गाडीत असते."

"तसं नाही. तुमचा पाय कायम त्या ब्रेकवर असतो. कुणी फिरवलंय का?"

मी आठवून बघितलं. आबांनी लहानपणी फिरवलं असेल. त्यानंतर कुणी नाही.

"आज पाय वर घ्या," तो म्हणाला.

"वेडा आहेस का? मास्तराने पाय काढायचा नसतो."

"मॅडम, पाय वर."

मी चपला काढल्या आणि सीटवर मांडी घालून बसले. त्याने गाडी केळीच्या मळ्यांमधल्या रस्त्याला घेतली. दोन्ही बाजूंनी ती रुंद पानं, पाटाच्या पाण्याचा ओला वास, खिडकीतून येणारी गार हवा. मी खिडकीवर कोपर टेकवून नुसती बघत बसले. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, काही बघितलं नाही. मला वाटतं त्या सकाळी मी सदतीस वर्षांची नव्हते, सत्तावीसचीही नव्हते. वयच नव्हतं मला काही.

परतताना मीच म्हटलं, "मुकुंद, घरी सांग."

"काय सांगू? गाडी येते हे, की तुमचं?"

"दोन्ही. सोपं ते आधी."

सोपं ते त्याने दुसऱ्याच दिवशी केलं. माझी फियाट घेऊन थेट ट्रान्सपोर्टच्या आवारात शिरला. मी शेजारी. त्याला स्टिअरिंगवर बघून ड्रायव्हर ओरडत पळाले. एक जण ट्रकच्या टपावर चढला, एक जण खरोखरच ऑफिसच्या भिंतीपुढे हात पसरून उभा राहिला. मुकुंदने आवारात एक गोल फेरी घेतली आणि मग रिव्हर्समध्ये, एका दमात, त्या भिंतीपासून हातभर अंतरावर गाडी लावली. भिंतीपुढच्या माणसाने पसरलेले हात खाली घेतले.

नथूशेठ बाहेर आले. बुटके, रुंद, पांढऱ्या सदऱ्यावर तंबाखूचा डाग. त्यांनी पोराकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि पुढे येऊन आधी माझ्या फियाटच्या बॉनेटचा मुका घेतला. बॉनेट तापलं होतं. ओठ भाजले तरी माणूस हसतच होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कोन गं तू बाई?" त्यांनी मला विचारलं.

"हेमलता वराडे. गाडी शिकवते."

"वराडे मास्तरची पोरगी! अगं, मी क्लीनर होतो तवा तुह्या बापानं मले पयल्यांदा गाडीवर बसवलं. आता तू माह्या पोराले बसवलं." त्यांनी पेढे मागवले, सगळ्या ड्रायव्हरांना वाटले. मुकुंद दुसरी गोष्ट सांगायला तोंड उघडणार तोच त्यांनी त्याच्या तोंडात पेढा कोंबला. "येत्या रविवारी सावद्याच्या पुढं पोरगी पाहाले जायचं आहे. नवी मारुती घेतली, ड्रायव्हर नेणार होतो. आता माहा पोरगा चालवीन! आन् तू त्याच्या शेजारी बसायचं, मास्तरीण. तू नसशीन तं मी गाडीत पाय ठेवत नाही."

मी मुकुंदकडे बघितलं. त्याचे डोळे विस्फारलेले होते आणि पेढा घशात अडकला होता.

"सांगतो," नंतर तो मला म्हणाला. "रविवारच्या आत नक्की."

रविवार उजाडला आणि त्याने सांगितलेलं नव्हतं. म्हणून मी, त्या वर्षी कितव्यांदा कुणास ठाऊक मोरपंखी साडी नेसून, माझ्या माणसासाठी दुसरी मुलगी बघायला निघाले. पुढे आम्ही दोघं. मागे नथूशेठ, डोक्याला फेटा बांधून, आणि त्यांच्या पत्नी गोदाकाकू. ही बाई कधीच काही बोलत नसे. पूर्ण वाटेत मांडीवरचा नारळ सावरत खिडकीबाहेर बघत होती.

"सांग," मी ओठ न हलवता म्हणाले.

"पुढच्या वळणावर," तो तसाच म्हणाला.

अशी बरीच वळणं गेली. मग रेल्वेचं फाटक लागलं. फाटक बंद होतं, मागे गाड्यांची रांग लागली आणि मालगाडी धडधडत यायला लागली. त्या आवाजात आपलं बोलणं आपल्याला ऐकू येईना. मुकुंदला बहुधा त्यामुळेच धीर आला. तो एकदम मागे वळला आणि ओरडला, "बाबा, मला ही मुलगी बघायची नाही!"

"काय?" नथूशेठ ओरडले.

"मुलगी! नको!"

"हां, आहे गोरी!"

"मला यांच्याशी लग्न करायचंय!"

"कोनाशी?"

मालगाडीचा शेवटचा डबा गेला आणि सगळीकडे शांतता झाली. मुकुंदचा आवाज मात्र त्याच पट्टीत राहिला. "या हेमलता मॅडमशी मला लग्न करायचंय!"

शेजारच्या ट्रॅक्टरवरच्या माणसाने माझ्याकडे नीट वाकून बघितलं. फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजायला लागले. मुकुंदची गाडी बंद पडली होती. या वेळी खरीच.

नथूशेठनी मागच्या गाड्यांकडे वळून बघितलं. मग म्हणाले, "पयले गाडी काढ."

मुलीच्या घरी जावंच लागलं, कारण तिकडे पोहे झाले होते. मुलगी सुरेख होती, बी.एस्सी. झालेली, उत्तरंही चटपटीत द्यायची. तिने सगळ्यांसमोर मला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" मी म्हटलं, "गाडी शिकवते." मुकुंदने चमचा खाली पाडला. नथूशेठनी तीन बशा पोहे खाल्ले. मग हात धुवायच्या निमित्ताने उठले आणि मला खुणेने मागच्या अंगणात बोलावलं. तिथे कडुनिंबाखाली बैल बांधलेले होते.

मी तयारीतच होते. आपल्या वयाचा विचार कर, आमच्या घराण्याचा विचार कर, तुझी ऐपत काय, या सगळ्याला माझ्याकडे चढ्या आवाजातली उत्तरं होती.

"तू सोन्यासारखी आहे," नथूशेठ म्हणाले. "माह्या पोराले तू मानसात आनलं. मी हो म्हनतो."

भांडायला खोचलेला पदर मी सोडला.

"पैशाचं म्हनशीन तं मी काय जन्मापासून शेठ होतो? वयाचं मले काही नाही. लोकाले आहे. ते मी पाहीन. आपन तुहं वय एकोनतीस सांगू. कोन पाहाले येतं? पोराचं एकतीस करू. जमलं."

मी हसले. मला वाटलं गंमत करतात.

"आन् ते शाळेचं बंद करून टाक. फिरक्यांची सून परक्या मानसाच्या शेजारी बसून गावभर फिरते, हे बरं नाही दिसत. मास्तराले आपल्या घरी आनू. दोन मानसं ठेवू त्याच्या सेवेले. तुले काही काही कमी पडनार नाही बेटा." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात जड होता आणि मायेचा होता. राग यावा असं त्या माणसाने काहीच केलं नव्हतं, हीच माझी पंचाईत झाली.

ते आत गेले आणि मुकुंद धावत बाहेर आला. चेहरा असा उजळलेला मी परत कधी पाहिला नाही. "बाबा हो म्हणाले!"

"हो ना. आणि मी एकोणतीसची झाले."

मी त्याच्या हसण्याची वाट बघत होते. या माणसाने मला पंचेचाळीसची म्हणून हसवलं होतं, तो यावर काय काय बोलेल याची मला उत्सुकता होती.

"त्यात काय!" तो म्हणाला. "सांगू की. दिसताही तुम्ही तेवढ्या."

"आणि शाळा?"

"उन्हातान्हात लोकांशी भांडायची आता काय गरज तुम्हाला? आराम करा. मीच तुम्हाला फिरवीन. पाय वर घेऊन बसायचं." त्याने ते इतक्या प्रेमाने म्हटलं की मला तिथेच रडू आलं असतं.

"मुकुंद, आठ वर्षं कमी करायची म्हणजे कुठली करायची रे?"

"म्हणजे?"

"आबा आजारी पडले त्याला आठ वर्षं झाली. त्याआधी मी स्वयंपाक करायचे आणि बघायला येणाऱ्यांना चहा द्यायचे. मला रस्ता ओलांडायची भीती वाटायची. पहिल्या दिवशी डाव्या सीटवर बसले तेव्हा शिकायला आलेला माणूस मला बघून उतरून गेला. त्याच्यानंतरचा थांबला. बहिणीचं लग्न त्या सीटवर बसून केलं. ओरडायला तिथेच शिकले. ती वर्षं काढून टाकली तर तू रुमाल बांधून कुणाकडे आला असतास?"

त्याने माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मन लावून ऐकलं. मग माझा हात हातात घेतला. "लग्नानंतर बाबांना हळूहळू समजावू. आत्ता हो म्हणून टाकू. ते हो म्हणालेत हेच केवढं आहे!"

केवढं होतं, हे मलाही कळत होतं. माझ्या वयाच्या बाईला असा मुलगा, असं घर, असा सासरा पुन्हा मिळणार नव्हता. आणि मला तो हवा होता. सकाळी फाटक वाजलं की मी चहा अर्धवट टाकून बाहेर यायचे, इतका हवा होता. पण या माणसाने सगळ्यांत आधी ज्या ओरडणाऱ्या बाईला हसवलं होतं, तिलाच तो आता एका शब्दावर पुसायला तयार झाला होता, आणि आपण काही पुसतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

"आत्ता नाही?"

"आत्ता नाही आणि नंतरही नाही."

त्याला वाटलं मी चिडलेय. बैलाने मान हलवली, घुंगरं वाजली. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं की मी ओरडत नव्हते.

परतताना तोच गाडी चालवत होता. इतकी चांगली त्याने कधीच चालवली नव्हती. फाटकापाशी, चढावर, बाजाराच्या गर्दीत, एकदाही चुकला नाही. फक्त मध्येच त्याचे डोळे भरून आले. मी समोर बघून म्हणाले, "डोळे पुसायचे असतील तर गाडी बाजूला घ्या." 'घ्या' म्हटलं मी. त्यालाही ते ऐकू आलं. त्याने गाडी बाजूला घेतली नाही, बाहीने डोळे पुसले आणि गिअर बदलला. मागे नथूशेठ फेटा मांडीवर ठेवून झोपले होते. त्यांना वाटत होतं सगळं ठरलं.

आमच्या फाटकाशी मी उतरले. आबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. पेपर सुलटा होता.

माझा नकार नथूशेठना मुकुंदनेच सांगितला. नंतर तो दोन-तीनदा आला. आबांशी बोलून, चहा पिऊन गेला. नंतर येईनासा झाला. माघात त्याचं त्याच मुलीशी लग्न झालं. मला आमंत्रण होतं. मी गेले, जेवले. लोकांनी मला विचारलं, "मास्तरीणबाई, नवरदेवाला तुम्हीच शिकवलं म्हणे?" मी म्हटलं, "हो, हुशार विद्यार्थी. वेळ फार लावला एवढंच." घरी येऊन दोन दिवस मी कुणावर ओरडले नाही, तेव्हा आबा घाबरले.

लग्नानंतर दिवाळीही होऊन गेली. एका सकाळी फाटकात रिक्षा थांबली आणि गोदाकाकू उतरल्या. मला वाटलं घरी काही तरी झालं. त्या आल्या, आबांना नमस्कार केला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मले गाडी शिकव."

त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकत होते.

"तुम्हाला? नथूशेठना चालेल?"

"त्याहीले इचारलं नाही."

मी त्यांना उजव्या सीटवर बसवलं. गाडी मैदानावर आणली. क्लच, ब्रेक, गिअर सगळं समजावलं. त्यांनी एकदाही मान हलवली नाही, नुसतं ऐकलं. मग स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, "त्या दिवशी निंबाखाली तुम्ही बोलले ते मी पोह्याच्या खोलीतून ऐकलं. खिडकी उघडी व्हती. बाई, मी चवदा वर्साची व्हती. माह्या बापानं सोळा सांगतलं. माहं दोन वर्सानं वाढवलं, तुहं आठ वर्सानं कमी करू राह्यले व्हते. आपलं वय आपल्यालेच कोनी इचारत नाही."

मी उगाच आरसा सारखा केला.

"तू नाही म्हनली तवा मले लई वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. "तू घरात पाह्यजे व्हती मले. पन बरं बी वाटलं. आता चाल, सांग कसं करायचं."

गोदाकाकू माझ्या हातून शिकलेल्या सर्वांत चांगल्या ड्रायव्हर. आता त्या नाहीत, आबा नाहीत, मीही साठी ओलांडून पुढे आले, पण हे मी अजून नव्या मुलींना सांगते. त्यांनी कधी हात जोडले नाहीत, कधी सॉरी म्हटलं नाही. आठवड्यात आम्ही पुलावर गेलो, दुसऱ्या आठवड्यात पूल ओलांडला. नथूशेठनी आधी दंगा केला, मग एक दिवस स्वतःच मागच्या सीटवर येऊन बसले.

पण नथूशेठ यायच्या आधीची एक सकाळ सांगायची राहिली. थंडी होती. काकू केळीच्या मळ्यांमधल्या रस्त्याने चांगल्या वेगात चालल्या होत्या आणि माझा पाय नेहमीसारखा ब्रेकवर होता. मध्येच त्यांनी विचारलं, "पोरी, खरं सांगशीन? माहा मुकुंदा तुले आवडत व्हता का?"

"हो."

थोडं अंतर गेलं.

"आजूनही?"

"समोर बघा काकू," मी म्हणाले, "ट्रक येतोय."

काकूंनी समोर बघितलं. मीही बघितलं. रस्ता लांबवर रिकामा होता. काकूंनी गाडीचा वेग कमी केला आणि न आलेल्या ट्रकला वाट देत गाडी हळूच डाव्या कडेला घेतली.